ही पट्टी कोणाच्या मापाची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या मंडळाने यंदा शाळेला काय भेट द्यावी, यावर गेले तीन महिने आपल्या ग्रुपवर चर्चा चालू आहे. पाण्याची टाकी झाली, प्रोजेक्टर झाला, ग्रंथालयाची कपाटं झाली. शेवटी एक सूचना बहुतेकांना पटली. नववीच्या सगळ्या मुलांची ऑनलाइन मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यायची. मुलाचा कल, स्वभाव, चिकाटी, आत्मविश्वास, सगळ्याचा बारा पानी रंगीत अहवाल पालकांच्या हातात पडणार. खर्च आपण करायचा. “तू कॉम्प्युटरमधली आहेस, जरा बघून सांग,” असं मंडळाने मला सांगितलं आणि वर आज वीस मिनिटं बोलायलाही उभं केलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. संकेतस्थळ नीट चालतं का, मुलांची माहिती कुठे साठवली जाते, एवढं मी तपासलं आणि मंडळाला लेखी कळवलं. पण आमच्या कामात एक सवय अंगवळणी पडते. “प्रोग्रॅम उत्तम चालतो,” असं कोणी सांगितलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, “कशावर चालवून पाहिला?” ज्याने लिहिला त्याच्या मशीनवर तो चालणारच. प्रश्न असतो तो दुसऱ्यांच्या मशीनचा. हाच प्रश्न मी या चाचणीला विचारला, आणि त्याच्या मागे लागून मानसशास्त्रातलं बरंच काही वाचलं. त्यातलं थोडं आज सांगते.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या गोष्टीने करू. आपल्या ग्रुपवर ती किमान चार वेळा फिरली आहे. एका लहान मुलासमोर मार्शमेलो, म्हणजे साखरेचा मऊ गोळा ठेवायचा. सांगायचं, “आत्ता खाल्लास तर हा एकच. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन.” मग खोलीतून निघून जायचं. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात हुशार निघाली, आयुष्यात पुढे गेली. तात्पर्य : मुलांना संयम शिकवा.

प्रयोग खरा आहे. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या शेवटी तो सुरू केला. पण तो झाला कुठे? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत. तिथे येणारी बरीचशी मुलं विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची होती. १९९० साली या मुलांचा पुढचा मागोवा प्रसिद्ध झाला, तेव्हा कॉलेज प्रवेशपरीक्षेचे गुण हाताशी होते ते शंभरापेक्षाही कमी मुलांचे. त्या संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की मुलं थोडी आहेत, एकाच प्रकारच्या घरांतली आहेत, जपून निष्कर्ष काढा. हे वाक्य मात्र आपल्या ग्रुपपर्यंत पोचलं नाही.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पुन्हा तपासला. या वेळी नऊशेहून अधिक मुलं होती, आणि त्यांत ज्यांच्या आईने कॉलेज पूर्ण केलेलं नाही अशी मुलं बहुसंख्य होती. थांबणं आणि पुढचे गुण यांचा संबंध या मुलांत दिसला, पण जुन्या अभ्यासाच्या साधारण निम्माच. घरची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि मुलाची आधीची समज हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून गेला. म्हणजे ज्याला आपण मुलाचा संयम म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा त्याच्या घराचा होता.

आता अमेरिकेच्या बाहेर जाऊ. २०१७ साली बेटिना लाम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी जर्मनीतल्या मध्यमवर्गीय घरांतली आणि आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या न्सो या शेतकरी समाजातली चार वर्षांची मुलं घेतली. प्रत्येकाला आपापल्या ओळखीचा खाऊ दिला. जर्मन मुलांपैकी २८ टक्के शेवटपर्यंत थांबली. न्सो मुलांपैकी जवळपास ७० टक्के. “थांबला तो पुढे गेला” हे सूत्र सगळ्या जगाला लावायचं, तर श्रीमंत जर्मनीपेक्षा कॅमेरूनमधल्या त्या खेड्यातली मुलं कितीतरी पुढे जायला हवीत. मुलं थांबली त्याचं कारण त्यांच्या वाढवण्यात होतं. मोठ्यांचं ऐकायचं, रडारड करायची नाही, हे त्यांना पाळण्यापासून शिकवलेलं.

याहून मजेचा अभ्यास २०२२ सालचा. जपानमधल्या क्योटोची मुलं आणि अमेरिकेतल्या बोल्डरची मुलं. खाऊ समोर ठेवला तेव्हा जपानी मुलं जास्त वेळ थांबली. पण खाऊच्या जागी कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली, तेव्हा उलट झालं, अमेरिकन मुलं जास्त थांबली. कारण जपानी घरात सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत घास घ्यायचा नसतो, आणि अमेरिकन घरात ख्रिसमसच्या भेटी झाडाखाली दिसत असल्या तरी दिवस उजाडेपर्यंत उघडायच्या नसतात. ज्याची सवय, त्यात संयम. आपल्याला हे परकं वाटू नये. पंगतीत श्लोक म्हणून होईपर्यंत समोरच्या जिलबीकडे नुसतं बघत बसण्याचं शिक्षण आपल्यातल्या किती जणांचं झालं आहे! पण म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री क्रिकेटची मॅच न बघण्याचा संयम आपल्यात आला, असं काही झालं नाही.

मग एका बालवाडीतल्या निष्कर्षाला “माणसाचा स्वभाव” हे नाव कसं मिळालं? जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये याचा हिशोब मांडला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सहा प्रमुख नियतकालिकं घेतली आणि २००३ ते २००७ या वर्षांत त्यांत आलेल्या अभ्यासांमध्ये सहभागी माणसं कुठली होती ते मोजलं. ६८ टक्के एकट्या अमेरिकेतली. युरोपसारखे इतर पाश्चात्त्य, औद्योगिक देश धरले की ९६ टक्के. या देशांत जगाची लोकसंख्या राहते जेमतेम १२ टक्के. त्यातल्या एका नियतकालिकात तर अमेरिकन अभ्यासांपैकी ६७ टक्के निव्वळ मानसशास्त्र शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर केलेले होते. प्राध्यापकांना समोर वर्गात मुलं मिळतात, तेच त्यांचे नमुने. कोणाचा दुष्ट हेतू नाही, सोय आहे. पण सोयीने निवडलेल्या मूठभरांना आपण “मनुष्यप्राणी” म्हणू लागलो.

दोन वर्षांनी, २०१० साली, जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायान या तिघांनी या मूठभरांचं बारसं केलं. पाश्चात्त्य, शिकलेले, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांत राहणारे. या पाच शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो ‘विअर्ड’, म्हणजे विचित्र. त्यांचं म्हणणं असं की हे लोक माणसांचा सरासरी नमुना तर नाहीतच, अनेक बाबतींत ते एका टोकाला आहेत.

तुम्ही म्हणाल, स्वभाव, संस्कार यांत फरक असणारच, पण डोळ्यांना दिसतं ते तरी सगळ्यांना सारखंच दिसत असेल! विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर काढलेल्या दोन रेघा आठवतात? लांबीला सारख्या, पण एकीच्या टोकांना बाणासारखे आत वळलेले पंख आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी लांब दिसते. मूलर-लायर यांचा दृष्टिभ्रम. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी हे चित्र आफ्रिकेतल्या आणि इतर अनेक समाजांत नेऊन दाखवलं आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकेतल्या इव्हान्स्टनच्या लोकांना रेघा सारख्या वाटाव्यात, तर आखूड दिसणारी रेघ सुमारे वीस टक्के लांब काढावी लागत होती. कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांना जवळजवळ काहीच फरक करावा लागला नाही. त्यांना त्या सारख्याच दिसल्या. असं का, यावर अजूनही तज्ज्ञांत वाद आहे. चौकोनी घरांत वाढल्यामुळे, असं काही म्हणतात, इतरांना ते मान्य नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की न मोजता “सगळ्यांना” हा शब्द वापरायचा नाही.

हा दोष आमच्या क्षेत्रातही आहे, हे सांगायला हवं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी तीन कंपन्यांच्या संगणकप्रणाली तपासल्या. फोटोतल्या चेहऱ्यावरून ती व्यक्ती स्त्री की पुरुष हे त्या प्रणाली सांगत. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. माणसांना ओळखायला शिकलेलं यंत्र दर तीन स्त्रियांमागे एकीला चुकत होतं, आणि कंपनीच्या जाहिरातीतली एकूण अचूकता मात्र झकास. सरासरीच्या आकड्याखाली कोण दडलंय, ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

इथे दोन पथ्यं सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल.

पहिलं, पाश्चात्त्यांनी केलेलं सगळं मानसशास्त्र टाकाऊ आहे, असं मी म्हणत नाही. माणसामाणसांत समान अशा कितीतरी गोष्टी आहेत. फक्त ती समानता तपासून सिद्ध करायची असते, गृहीत धरायची नसते.

दुसरं, “आपलं सगळं वेगळंच असतं बाई,” हेही तितकंच न तपासलेलं विधान आहे. आणि ‘आपलं’ म्हणजे कोणाचं? पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात शंभर जणांना प्रश्नावली वाटायची आणि “भारतीय तरुणांना असं वाटतं” म्हणायचं, यात आणि स्टॅनफर्डच्या बालवाडीत फरक काय? आपल्या शाळेतला बाजारपेठेतल्या दुकानदाराचा मुलगा आणि ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर चार-पाच महिने बाहेर जाणारा मुलगा, दोघं एकाच बाकावर बसतात. त्यांना एक पट्टी लागू होईल का, हेसुद्धा आधी पाहावं लागेल.

आता आपल्या चाचणीकडे येते. कंपनीने नमुन्यादाखल काही विधानं पाठवली आहेत. त्यातलं एक : “माझे महत्त्वाचे निर्णय मी स्वतः घेतो/घेते.” पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाचपैकी एक पर्याय निवडायचा. असहमतीवर खूण केली की आत्मविश्वासाचे गुण कमी. आपल्या नववीतली एखादी मुलगी याचं काय उत्तर देईल? ती प्रामाणिक असेल तर लिहील, असहमत. कारण अकरावीला कुठे जायचं हे घरात आजी, वडील, काका आणि एसटीचं वेळापत्रक मिळून ठरवतात. तिने आपल्या घराची हकीकत सांगितली, आणि अहवालात ती तिच्या स्वभावातली उणीव म्हणून छापून येणार.

हा माझा कल्पनाविलास नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अगदी याच्याजवळ जाणारा अभ्यास छापला. ठिकाणं दोन : शिकागो आणि आपल्या शेजारच्या राज्यातलं म्हैसूर. लोकांना सांगितलं, तुमच्या ओळखीतल्या कोणी केलेलं एक चांगलं आणि एक वाईट कृत्य सांगा, आणि त्याने ते का केलं तेही सांगा. शिकागोची मोठी माणसं कारण देताना जास्त करून स्वभावाकडे बोट दाखवत : तो बेजबाबदार आहे, ती गर्विष्ठ आहे. म्हैसूरची माणसं परिस्थितीकडे, नात्याकडे, कर्तव्याकडे. म्हैसूरमध्ये एकाने एका वकिलाची हकीकत सांगितली. मोटारसायकलचं टायर फुटून मागे बसलेला माणूस पडला, डोक्याला लागलं. वकील त्याला दवाखान्यात पोचवून तसाच कोर्टात गेला, आणि तो माणूस दगावला. सांगणाऱ्याने कारणं दिली ती अशी, की अशिलासाठी कोर्टात हजर राहणं हे त्याचं कर्तव्य होतं, तो गोंधळला असेल, दुखापत तेवढी गंभीर वाटली नसेल. याच अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मुलांचा आहे. आठ वर्षांच्या वयात दोन्हीकडची मुलं साधारण सारखीच उत्तरं देत होती. फरक वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे तो जन्माचा नव्हता, शिकलेला होता.

माणूस म्हणजे त्याचा स्वभाव, असं मानणाऱ्या ठिकाणी ती प्रश्नावली बनली असेल, तर परिस्थितीतून उत्तर देणारं मूल तिच्यात बसणार कसं?

मग मुलांची चाचणी घेऊच नये का? घ्यावी, आणि ती कशी करावी याचं जुनं उदाहरण आपल्याच भाषेच्या घरात आहे. बुद्धिमापनाची पहिली गाजलेली कसोटी बिने आणि सायमन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये केली. १९१६ मध्ये टर्मन यांनी स्टॅनफर्डला ती अमेरिकन मुलांसाठी बसवून घेतली. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी ती आपल्याकडे आणायची ठरवली, तेव्हा नुसतं भाषांतर करून ते थांबले नाहीत. धारवाड भागातल्या मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांवर ती घेऊन पाहिली आणि आपल्याकडची मुलं कोणत्या वयात कशाचं उत्तर देतात ते नव्याने ठरवलं. १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बिने-कामत कसोटी ती हीच. मराठी मुलांना मोजायची पट्टी मराठी मुलांवर आखली पाहिजे, हे त्या माणसाने स्वातंत्र्याच्या आधी ओळखलं होतं.

पण पुढची कथाही ऐका. ही कसोटी नंतर अनेक दशकं देशभर वापरली गेली. १९३०च्या धारवाडच्या मुलांची पट्टी कितीतरी नंतरच्या, कुठल्या कुठल्या गावांतल्या मुलांना लावली गेली. पट्ट्या जुन्याही होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकन लोकांचे बुद्धिमापनातले सरासरी गुण सुमारे १४ने वाढले. म्हणजे जुन्या पट्टीवर जो हुशार, तोच नव्या पट्टीवर साधारण. मूल तेच. तेव्हा ‘कोणावर’ इतकाच ‘केव्हा’ हा प्रश्नही विचारला पाहिजे.

आता थोडं नाजूक बोलते. वर्गात आपण ५८ जण होतो. आज या सभागृहात ३४ आहोत. सकाळपासून व्यासपीठावरून आणि चहाच्या टेबलावर मी एक वाक्य अनेकदा ऐकलं, “शाळेने शिस्त लावली, छड्या खाल्ल्या, म्हणून घडलो.” हसत हसत म्हणतो आपण, प्रेमानेच म्हणतो. पण हा निष्कर्ष कोणावरून काढलाय? जे आले त्यांच्यावरून. ज्यांना सुट्टी मिळाली, भाडं परवडलं, आणि शाळेचं नाव काढल्यावर ज्यांना यावंसं वाटलं, त्यांच्यावरून. उरलेल्या २४ जणांत काही परगावी आहेत, दोघं आता हयात नाहीत. पण असेही आहेत ज्यांनी निरोपाला उत्तर दिलं नाही. आणि आठवीतच शाळा सुटलेल्या मुली तर त्या ५८मध्येही नाहीत, कारण दहावीच्या हजेरीपटावर त्यांची नावंच नव्हती. छडीने त्यांचं काय केलं, हे त्यांना कोणी विचारलेलं नाही. समोर बसलेल्या गुरुजनांबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. पण आज आपण जमलो आहोत तो सोयीने जमलेला नमुना आहे, स्टॅनफर्डच्या बालवाडीसारखाच. शाळेने काय केलं तर मुलं घडतात, हे आपण ३४ जणांनी आपल्या आठवणींवरून ठरवून आजच्या नववीला लागू करायचं नाही.

म्हणून मंडळाला माझी शिफारस अशी. पैसे देण्याआधी कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारू. एक, हे गुण कोणत्या मुलांशी तुलना करून दिले जातात? त्यांत मराठी माध्यमाची, गावाकडची, मुली आणि मुलगे, किती होती? दोन, ती तुलना कोणत्या वर्षी ठरवली? तीन, मराठी प्रश्नावली म्हणजे नुसतं भाषांतर आहे, की ती मराठी मुलांवर घेऊन पाहिली आहे? पुरेशी उत्तरं आली तर चाचणी जरूर घेऊ, पण अहवाल मुलाच्या हातात नुसता न देता समुपदेशकाने समोर बसून समजावून सांगावा, आणि तो शाळेच्या दप्तरात चिकटवून ठेवू नये. चौदा वर्षांच्या मुलाला “चिकाटी : कमी” असं रंगीत कागदावर छापून देणं सोपं असतं. ते पुसणं त्याला अवघड जातं.

उत्तरं आली नाहीत, तर त्याच पैशांत वर्षभर आठवड्यातून दोन दिवस शाळेत येणारा समुपदेशक बघू. तो मुलाला विचारेल, “तू असहमत का लिहिलंस?” हा एक प्रश्न कुठल्याही बारा पानी अहवालात नाही.

हिशोबाचा कागद मी आणला आहे. जेवणानंतर खजिनदारांच्या टेबलावर ठेवते, सगळ्यांनी बघून आपापलं मत लिहावं. आणि ज्यांच्याकडे त्या २४ जणांपैकी कोणाचा नंबर असेल, त्यांनी तो तिथेच वहीत लिहावा. मत त्यांचंही घ्यायचं आहे.